आठ इंच खाली

दोन पोलादी काटे, पिवळी मूठ,
मुठीत काडेपेटीएवढी काच.
फोंड्याच्या कृषी कार्यालयातून सही करून आणले,
केरीतल्या सात कुळागरांत मिळून एक.
सोमवारी ते शांतूच्या पोफळींत असते,
मंगळवारी वरच्या वाड्यावर,
बुधवारी माझ्याकडे येते
सायकलच्या हँडलला लटकत, दुधाच्या पिशवीत.

पहिल्या आठवड्यात पोरांनी ते कशाकशात खुपसले.
आंबोळीच्या पिठात. शिळ्या पावात.
कुत्र्याच्या गोणपाटात.
तुळशीत खुपसले तर आकडा आला एकसष्ट,
तेव्हा कळले ती पिवळी का पडत होती:
घरातला जो तो आंघोळ करून
आपापला तांब्या ओतत होता.

शिकायला वेळ लागला.
जांभ्याचा खडा मध्ये आला की ते शून्य दाखवते.
खोटे नव्हे ते, काट्यांभोवती तिथे नुसता वारा असतो.
मग उपसायचे, पदराला पुसायचे, वीतभर सरकायचे,
पुन्हा रोवायचे आणि तीन श्वास थांबायचे.
मार्चात वरची माती पावलागणिक उडते,
झावळ्या कडाकडा मोडतात,
पण आठ इंच खाली
चौतीस.
माडापाशी छत्तीस, केळींत एक्केचाळीस.

म्हणजे वीस वर्षे दर बुधवारी
रात्री नऊ ते साडेअकरा
आधी कंदील, मग बॅटरी, मग मोबाइल धरून
मी भिजलेल्यालाच भिजवत होते.
आमचा वार म्हणून.
वार सोडायचा नसतो.
झरीचे पाणी सोडले की ते खालच्याचे होते,
आणि खालचा म्हणजे कुष्टा,
ज्याच्याशी आम्ही बोलत नाही
मेरेवरचा फणस तोडल्यापासून.

त्या बुधवारी पाटाच्या तोंडातला
केळीचा गड्डा मी उपसलाच नाही.
पाणी आले, सवयीने माझ्या बाजूला ढुशी दिली,
मग सरळ गेले.

दहाच्या सुमारास खालून बॅटरीचा झोत.
"कोण तें? उदक कोणें सोडलें?"
चोर धरायला आला होता, हातात कोयता,
आणि चोरी तर नव्हती.
अशा वेळी काय बोलतात ते त्याला ठाऊक नव्हते,
मलाही नव्हते.
दोघे पाटाकडेच बघत राहिलो.
मी काच पुढे केली. चौतीस.
"म्हणून माझ्याकडे?"
"म्हणून."
"मला नाका तुमचे उपकार."
उपकार नव्हेत, म्हटले, आकडा आहे.

मेर ओलांडली, चपला हातात घेऊन.
त्याच्या मिरीच्या वेलीखाली काटे रोवले.
तेरा.
तो वाकला. टाळूवरचे केस किती गेले होते त्याचे.
पाणी आळ्यात शिरले, सुकी पाने तरंगली,
एक कोळी खोडावर पळाला.
तेरा. तेरा.
बराच वेळ तेराच,
कारण पाण्याला आठ इंच उतरायचे होते.
सोळा.
एकविसाला तो हसला बहुधा,
बॅटरीचा उजेड जमिनीवर होता.
"सेल सोंपलो काय हें फटी मारता?"
नाही, खोटे बोलत नाही. बंद पडते.
"तें बरें," म्हणाला,
आणि कोयता कमरेच्या आकडीला अडकवला.

वहीत रकाने आहेत:
तारीख, झाड, खोली, आकडा, पाणी दिले की नाही.
कुणाला, असा नाही.
मी 'नाही' लिहिले
आणि समासात पेन्सिलीने: कुष्टा, अडीच तास.

फणसाचा विषय निघाला नाही.
उद्या यंत्र पुतूकडे पोचवायचे आहे,
काटे पुसून.